ओट्यावर बसलेले खोत

शेवंताकाकूंच्या परसातल्या मस्कोव्ही बदकांमुळे सारा गाव गोंधळात पडला होता. तोंडं तांबडी, ओरडायचं नाव नाही, नुसतं फुसफुसायचं आणि तिन्हीसांजेला उडून झाडावर बसायचं. यांना बदकं म्हणावं की आणखी काही, कुणालाच कळेना.

एकदा ती सगळी खोतांच्या फणसावर जाऊन बसली. खोतांनी ती धरून कोठीत कोंडली. काकू मागायला गेल्या, तर म्हणाले, "माझ्या आवारात जो येऊन बसला, तो माझा." अंड्यांवर घर चालवणाऱ्या काकू रिकाम्या हातानं परतल्या.

दुसऱ्या दिवशी खोतच दारात हजर. "शेवंता, रिकामं खुराडं तुला कशाला? ते मला दे."

"देते की. आधी बसा," म्हणत काकूंनी ओट्यावर चटई घातली. खोत टेकले.

"आता तुम्ही माझे," काकू शांतपणे म्हणाल्या. "न्याय तुमचाच. तो खराटा घ्या आणि परस झाडा."

खोत गडबडले. "अगं, मी नुसता टेकलोय. उठून घरी जाईन की."

"बदकंही तेच म्हणत असतील. पण ती बिचारी मुकी."

बसून राहावं की उठावं, हेच खोतांना कळेना. अखेर ते उठले आणि कोठीची कडी काढायला गेले.