खिंडीतला काळा दगड

राजा वज्रसेनाला तोफा हव्या होत्या, तोफांसाठी कथील हवं होतं, आणि कथील तर सगळं शेजारच्या राज्यातून यायचं. उद्या शेजारी रुसला तर? म्हणून सरकारी पाहणी उत्तरेच्या बर्फाळ डोंगरांत निघाली. पथकाचे प्रमुख होते गर्गशास्त्री. मोठे विद्वान, पण थंडी विद्वत्तेला भीत नाही. शास्त्रीबुवांनी डोंगर चढायचा बेत सोडला, खिंडीत वाटसरूंनी रचलेल्या ढिगातलेच दगड पोत्यात भरले आणि ते माघारी आले. त्यांचं नशीब असं, की त्यातल्या एका काळ्या दगडात भरपूर कथील निघालं.

राजा हरखला. लगेच हुकूम सुटला: खिंड आणि खालचं कुरण खणून काढा! बर्फ पडायच्या आत तिथल्या मेंढपाळांनी सामान हलवावं.

कुरण गेलं तर मेंढ्या जगणार कशा? पद्मा मेंढपाळीण तडक दरबारात आली. राजासमोर मखमलीवर तो काळा दगड मोठ्या थाटात मांडला होता. दगड पाहताच तिला हसू फुटलं, ते तिनं ओढणीआड लपवलं. मग हात जोडून तिनं आमचं कुरण सोडा अशी विनवणी केली.

राजा हट्टाला पेटलेला. म्हणाला, "सोडतो. पण असाच, कथलानं भरलेला दगड तुमच्या डोंगराबाहेर कुठं आहे ते दाखव. तेही आज सूर्य मावळायच्या आत."

दरबारी गालातल्या गालात हसले.

"दाखवते, महाराज. पण मग जिथं सापडेल तिथंच खणाल ना?"

"वचन देतो!"

पद्मानं मखमलीवरचा दगड उचलला आणि ती चालू लागली. मागून राजा, शास्त्रीबुवा, सारा दरबार. ती थांबली राजवाड्याच्या अंगणात, पायरीशेजारच्या काळ्या खडकापाशी. खडकाचा एक कोपरा तुटलेला होता. तिनं दगड तिथं टेकवला. तो चपखल बसला.

शास्त्रीबुवांचा चेहरा पडला. पद्मानं सगळं उलगडून सांगितलं. खिंड ओलांडणारा प्रत्येक जण सुखरूप घरी परतावं म्हणून आपल्या अंगणातला एक दगड त्या ढिगावर ठेवतो. मागच्या उन्हाळ्यात खुद्द महाराजांनीही ठेवला होता, आणि तेव्हा त्यांच्या घोड्याचा लगाम तिनंच धरला होता.

"म्हणजे कथील माझ्या वाड्याखाली?" राजानं विचारलं.

"होय महाराज. तेव्हा आता बर्फ पडायच्या आत सामान हलवा. सरकार तेवढीच मुदत देतं. जागेची अडचण असेल तर आमच्या कुरणात या, तंबू देऊ. वारा जरा बोचतो, एवढंच."

राजाला जे हसू लोटलं, ते आवरेचना. डोळे पुसत तो म्हणाला, "राणीसाहेबांना हे तूच सांग, बाई!"

राजानं वचन पाळलं. अंगण खणलं गेलं आणि कुरण मेंढपाळांना कायमचं मिळालं. त्या कथलातून सगळ्यात आधी ओतल्या गेल्या पद्माच्या मेंढ्यांच्या घंटा. तोफांची पाळी नंतर आली.