पेववाडीचा मुका लाभ

फार फार वर्षांमागं, सरकारचं धान्य जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, तेव्हाची ही गोष्ट. पेववाडीच्या पेवावर सुभाना मापारी होता. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणू नये, ‘लाभ’ म्हणावं, ही आपली जुनी रीत. सुभानाचा ‘लाभ’ इतका खणखणीत, की वेशीबाहेरच्या गाईसुद्धा मान वर करत, असं म्हणतात.

मग दुष्काळ पडला. पेव जोंधळ्यानं काठोकाठ भरलेलं आणि वर गाव उपाशी. शेजारची तुळसा ओटी पसरून आली.

“सुभानाबा, एक माप द्या. पोर उठंना झालीय.”

“हुकूम न्हाई, बाई. पेव सरकारचं. म्या निस्ता मापारी.”

“हुकूम येईस्तवर पोरीला काय सांगू?”

सुभानानं मान फिरवली. चोरी नाही, लबाडी नाही, नुसती मान फिरवली. पोर गेली.

पुढे हुकूम आला, आणि काय आला? दूरच्या मुलखातून नवं धान्य येतंय, जुनं उपसून फेका, जागा करा! झाकण काढलं तर आंबूस वाफ उसळली, वरचा थर काळाठिक्कर. सुभानानं माप भरलं, तोंड उघडलं, पण ‘लाभ’ फुटेना. समोर तुळसा उभी होती, रिकाम्या ओटीची. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं, आणि पेवाचं तोंड तर उघडंच होतं.

नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरलं की वाफेनं माणूस मरतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तो उतरला. लोकांनी दोराला बांधून पाट्या सोडल्या, त्या भरून येऊ लागल्या, आणि त्यांत पांढराशुभ्र, टपोरा जोंधळा! पहिली पाटी तुळसाच्या ओटीत पडली. तिनं ती गल्लीतल्या पोरांना वाटून टाकली. पेवात मावेल त्याहून जास्त धान्य वर आलं, असं म्हणतात. पण आतून मोजल्याचा आवाज एकदाही आला नाही. गावातली शेवटची चूल पेटली, तेव्हा लोकांनी वाकून हाक मारली. ओ आली नाही. पेव झाडल्यासारखं स्वच्छ, तळाशी फक्त त्याचं माप.

पेववाडीत अजून, खळ्यावर असो की रेशनच्या दुकानात, पहिलं माप दारात आलेल्या उपाशी माणसाच्या ओटीत न मोजता जातं. ‘लाभ’ कुणी म्हणत नाही. मोजणी ‘दोन’पासून सुरू होते. ओतणाऱ्यानं मान खाली घातलेली चालते. फिरवलेली चालत नाही.