दांड्यांमधली लान

श्रोतेहो, आजच्या वृद्धांचे पणजेही जन्मले नव्हते, त्या काळची ही गोष्ट आहे. चीन देशाच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी, शिलियांग नावाचे गाव होते. त्या देशात वर्षांना प्राण्यांची नावे आहेत. प्राणी बारा, म्हणून प्रत्येकाचे वर्ष बारा वर्षांनी परतते. ज्याच्या जन्माचे वर्ष परतते, त्याच्यावर त्या वर्षी संकट टपून असते. म्हणून तो कमरेला लाल पट्टा बांधतो आणि साहस टाळतो.

गावात लान नावाची वृद्धा घोड्यांवर औषधोपचार करी. ती अश्ववर्षात जन्मली होती. ही गोष्ट घडली त्या साली तिचे वर्ष पाचव्यांदा परतले होते. तिच्या कमरेला लाल पट्टा होता.

गावाचे एक व्रत होते. पूर्वी दुष्काळात घोड्यांनी साऱ्या गावाला पाठीवरून वाहून जगवले होते. तेव्हा पूर्वजांनी अश्वदेवाला वचन दिले की, नववर्षाचा सहावा दिवस घोड्यांचा. त्या दिवशी घोड्याला जुंपायचे नाही, मारायचे नाही. हे वचन कधी मोडले नव्हते.

त्या साली अवेळी ऊन तापले. गावाच्या वर नदी गोठून बर्फाचा बांध झाला होता आणि त्यामागे पाणी तुंबले होते. सहाव्या दिवशी सकाळी बांध कडकडला. तो आवाज गावाने ऐकला.

उंचावर देऊळ होते. तिथे पोचले तर जीव वाचणार होता. पण गावात ताप येऊन गेला होता. नऊ जणांना उठवतही नव्हते, आणि उरलेले स्वतःचे पाय कसेबसे ओढत होते. नऊ जणांना गाडीत घातले. गाडीला घोडा हवा होता.

दाशान नावाच्या तरुणाची बाळंतीण बायको तान्ह्या लेकरासह गाडीत होती. तो घोड्याचा साज घेऊन धावला. गावप्रमुख फांग आडवा झाला.

"आज नाही, दाशान."

"फांगकाका, देवाला तुमचे वचन हवे की माझे लेकरू?"

"तुझा आजा याच घोड्यांमुळे जगला, पोरा. आज शब्द मोडलास, तर उद्या तुझ्या शब्दाला कोण विचारील?"

बांध पुन्हा कडकडला. कोणी हलेना. माणसाने गाडी ओढावी, हे कोणाच्या मनातही आले नाही. कारण त्या मुलखात माणसाच्या अंगावर घोड्याचा साज चढे, तो कैद्याच्या शिक्षेसाठीच.

तेव्हा लान पुढे आली. "वचन मोडू नका," ती म्हणाली. "घोड्याला जुंपू नका. अश्ववर्षात जन्मलेल्या म्हातारीला जुंपा."

"आजी, हे तुमचे वर्ष आहे," दाशान म्हणाला. "तुम्ही घरातून निघूही नये."

"घर तासाभरात वाहून जाईल. साज दे."

तिने साज अंगावर चढवला आणि गाडीच्या दांड्यांमध्ये उभी राहिली. गाडीतून म्हातारा लिऊ कण्हत म्हणाला, "लाने, बेताने ओढ. चाबूक घरी राहिला."

"राहिला तेच बरे," ती म्हणाली. "आज घोड्याला मारायचे नसते."

गाडी हलली. मग दाशान मागून रेटू लागला. फांग मात्र उभाच होता. त्याच्या पायांना तापाने नव्हे, लाजेने जखडले होते.

चढाच्या मध्यावर साजाचा पट्टा तुटला. गाडी मागे घसरली. लानने कमरेचा लाल पट्टा सोडला आणि तुटलेल्या ठिकाणी बांधला. ती काय सोडते आहे, हे सगळ्यांना कळत होते. मग फांग धावला. त्याने तिच्या शेजारची दांडी छातीशी धरली.

असे म्हणतात, तेव्हा गावातली करडी घोडी चढावर आली. तिला लगाम नव्हता, साज नव्हता, कोणी हाक मारली नव्हती. तिने गाडीला मागून कपाळ लावले. तिच्यामागे गावातला प्रत्येक घोडा आला. ज्यांना कोणी जुंपले नाही, ते आपण होऊन राबले.

गाडी देवळाशी पोचली आणि बांध फुटला. घरे गेली. पुरात माणूस एकही गेला नाही, घोडाही नाही.

फांग लानचा साज उतरवू लागला. "वहिनी, पोचलो," तो म्हणाला. ती दांड्यांमध्ये उभीच होती, डोळे मिटून. घोडा उभ्यानेच विसावतो. तशी ती कायमची विसावली होती. असे म्हणतात, बर्फावर तिच्या पावलांच्या जागी खुरांचे ठसे होते.

आजही नववर्षाच्या सहाव्या दिवशी शिलियांगचे घोडे मोकळे असतात. गावातल्या वृद्धांना आणि आजाऱ्यांना गाडीत बसवून माणसेच देवळापर्यंत ओढत नेतात. साजाला लाल पट्ट्याची गाठ असते. चाबूक कोणी बरोबर घेत नाही. पहिला साज गावप्रमुखाने अंगावर घ्यायचा असतो. ज्याला त्या दांड्यांमध्ये उभे राहण्याची लाज वाटते, त्याला त्या गावात कोणी प्रमुख करत नाही.