शिळं पाणी

गावात नळ नवे होते आणि भांडी अजून बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. सगुणाबाईच्या पडवीत एक रांजण होता. विहीर होती तोवर ती रोज सकाळी कालचं पाणी 'शिळं झालं' म्हणून अळूला ओतायची, रांजण काथ्याने घासायची आणि ताजं पाणी भरायची. मग विहीर बुजवली आणि नळ आला. तो मनात येईल तेव्हा यायचा. त्यामुळे कालच्या पाण्याला सगुणाबाई आता 'साठा' म्हणू लागली, आणि साठा काही कुणी ओतून देत नाही.

रांजणाच्या पोटात अळ्या वळवळू लागल्या. "ए भवाने, ऊठ इथून!" तो काठावरच्या डासिणीवर खेकसला. "तिकडे घरात सगुणाबाईची यमू पोर हिवतापाने कुडकुडतेय!"

"माझ्यावर काय ओरडता, मामा?" डासीण म्हणाली. "विहीर होती तेव्हा माझी अंडी दुसऱ्याच दिवशी अळूच्या मुळाशी वाळायची. तेव्हा आले होते का मी राहायला?"

घरात कडुनिंबाचा धूर झाला, यमूची दृष्टही काढून झाली. रांजणात मात्र कुणी डोकावलं नाही.

"अगं बाई, मला एकदा उपडा कर!" रांजण ओरडून ओरडून थकला. पण माणसांना भांड्यांचं बोलणं कधी ऐकू आलंय?

"घरात आजारी पोर आहे, पाणी कमी पडायला नको," म्हणत सगुणाबाईने त्याच्याशेजारी आणखी दोन माठ भरून ठेवले.

डासिणीने पंख झटकले. "ऊठ म्हणालात ना, मामा? ही निघाले. शेजारीच जागा झाली."