ओलाईला मांडलेला पाट

ऐका ओलाईमाते, तुमची कहाणी. हातात अक्षता घ्या बायांनो, पदर सावरा. ज्यांनी घरी चुलीवर दूध ठेवलंय त्यांनी आत्ताच जाऊन उतरवून या. मग मध्येच उठून पळायचं नाही.

तर कुठंसं एक आटपाट नगर. नगराबाहेर तळं, तळ्याकाठी कुंभाराचं घर. घरात म्हादू कुंभार, त्याची बायको हौसा आणि त्यांची लेक तानी. तानी मोठी बोलकी. सकाळी उठली की कोंबड्यांशी बोले, चाकाशी बोले, ओल्या मडक्यांची विचारपूस करी. हौसा कामाला चोख. संक्रांतीची सुगडं घ्यावीत तर तिच्याच हातची, असं नगरातल्या सुवासिनी म्हणत.

पण हौसाची एक खोड होती. तिला आपला राग चालत नसे, आपलं रडू चालत नसे. शेजारणीचं दूध नासलं तर धावत जाई. "होतं गं बाई, बस, पाणी पी," म्हणे. आपलं दूध नासलं की दातओठ खाई. "करंटे, हात झिजले का तुझे? लक्ष कुठं होतं?" असं आपणच आपल्याला बोले. म्हादूनं विचारावं, "काय झालं गं?" हिनं म्हणावं, "मला काय झालंय? काही नाही." असं 'काही नाही' त्या घरात रोज शिजे. हसताय काय पोरींनो, तुमच्या घरात काय वेगळं शिजतं?

मग मार्गशीर्ष महिना आला. एके दिवशी सकाळी दूध उतू गेलं. ते पुसायला गेली तर शेळीनं मळलेल्या मातीत पाय घातले. शेळीला हाकलायला गेली तर पदर लागून पाण्याची घागर कलंडली. तानी खदखदून हसली. हौसाच्या पोटात राग उठला. तिनं तो गिळला, तोंड घट्ट मिटलं. तों दारात एक मुलगी उभी. नाक गळतंय, डोळे लाल, परकर ओलाचिंब. मुलगी म्हणाली, "बाई, बाई, मला पाट दे, गूळपाणी दे, घटकाभर बसू दे." हौसा म्हणाली, "अंगणात मडकी वाळत घातलीत. माझ्या दारात ओल नको." मुलगी निघून गेली. मग हौसानं घाईघाईनं मडकी भाजायला आवा लावला. मडकी वरून वाळली होती, पोटात ओल होती. गोवऱ्या पेटल्या, धग लागली, आणि आव्यात फट् फट् मडकी फुटली. म्हादू म्हणाला, "घाई झाली गं." हौसा म्हणाली, "काही नाही." तानी आईच्या तोंडाकडे बघत होती. त्या दिवसापासून तिचं हसू गेलं.

मग पौष लागला. एके दिवशी भाकरी करपली. तव्याचा चटका बसला. वर शेजारीण गजराबाई कुंपणावरून म्हणाली, "यंदा तुझी मडकी फुटतात कशी गं हौसा? हात गेला वाटतं!" हौसाला झोंबलं, चांगलंच झोंबलं. पण ती हसली, म्हणाली, "चालायचंच." तों दारात एक सुवासीण उभी. लुगडं ओलेतं, गाल फुगलेले, रुसून आलेली. सुवासीण म्हणाली, "बाई, बाई, मला पाट दे, गूळपाणी दे, घटकाभर बसू दे." हौसा म्हणाली, "माझ्या दारात ओल नको." सुवासीण निघून गेली. मग हौसानं आवा लावला. निम्मी मडकी फुटली. तानीच्या पायात खापर घुसलं, रक्त आलं. म्हादू धावला. तानीनं ओठ दाताखाली धरला आणि म्हणाली, "मला काय झालंय? काही नाही." त्या दिवसापासून तिचं रडू गेलं.

मग संक्रांत जवळ आली. हौसानं सुगडं घडवली, छान गोल, छान गळ्याची. पण पौषातलं ऊन कोवळं, सुगडं काही वाळेनात. बायका रोज येऊन विचारत, "झाली का गं?" हौसाच्या जिवाचं पाणी पाणी झालं. तिनं सुगडं उचलून चुलीपाशी धगीला मांडली. वरून कडक झाली, टिचकी मारली तर वाजली. तों दारात एक म्हातारी उभी. थरथर कापतेय, लुगड्यातून पाणी ठिबकतंय. म्हातारी म्हणाली, "लेकी, लेकी, मला पाट दे, गूळपाणी दे, घटकाभर बसू दे." हौसा म्हणाली, "तुम्ही सगळ्या मेल्या माझ्याच दारात कशा भिजून येता? चालती हो!" म्हातारी निघून गेली. मग आवा लावला. या खेपेला एकही सुगड उरलं नाही. आवा उघडला तर नुसती खापरं. आणि त्या दिवसापासून तानीचं बोलणं गेलं.

पोर कोंबड्यांशी बोलेना, चाकाशी बोलेना, आईला आई म्हणेना. वैद्य झाले, अंगारे झाले. म्हादू लेकीला खांद्यावर घेऊन तळ्याभोवती फिरला, बगळे दाखवले, पण ती गप्प ती गप्पच. हौसाला कळलं, हे आपल्यामुळं झालं. मग तर तिनं आपल्याला बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. "आई म्हणवतेस? सटवे, आवा जळाला, लेक मुकी झाली, तू कशाला जिवंत आहेस?" असं म्हणत पाटी-कुदळ घेतली आणि मातीला तळ्यावर गेली. तिथं बसली. हात उचलवेना, माती खणवेना.

तों तिला पलीकडच्या काठावर बायका दिसल्या. सगळ्यांची लुगडी भिजलेली. कुणी रडतेय, कुणी फणफणतेय, कुणी नुसतीच बसलीय, आणि जिच्या-तिच्या पुढ्यात एकेक पाट. हौसानं विचारलं, "बाई बाई, काय करता?" "आम्ही ओलाईचा वसा वसतो." "तो वसा मला सांगा." त्या म्हणाल्या, "तुला गं कशाला? तुला तर काही झालेलं नाही." हौसाच्या घशात हुंदका आला. आजवर गिळला होता, आज गिळवेना. ती म्हणाली, "झालंय. मला फार झालंय. मला राग येतो, मला भीती वाटते, माझी लेक बोलत नाही." तिथंच ती मातीत बसून भोकाड पसरून रडली. रडणं ओसरलं, मग एक म्हातारी हळूच म्हणाली, "उतशील, मातशील, वसा जमला नाही म्हणून आपल्यालाच झोडशील."

हौसा म्हणाली, "उतत नाही, मातत नाही. झोडणार नाही असं मात्र कबूल करवत नाही, सवयच तशी आहे." म्हातारी हसली. "खरं बोललीस, तुला वसा देते. दूध उतू जावं, भाकरी करपावी, मडकं फुटावं, जीव वर-खाली व्हावा. तेव्हा हातातलं काम खाली ठेवावं. एक पाट मांडावा. मनात जी आली असेल तिला नावानं हाक मारावी. राग असेल तर राग म्हणावं, रडू असेल तर रडू म्हणावं, भीती असेल तर भीती म्हणावं. ये बाई, बस, म्हणावं. गुळाचा खडा मोडावा, अर्धा तिच्यापुढं ठेवावा, अर्धा आपण खावा. मग आपल्या छातीवर हात ठेवावा, आणि शेजारणीला बोलतो तसं आपल्याला बोलावं. 'दमलीस गं बाई. होतं असं.' तिला ऊठ म्हणू नये, जा म्हणू नये. अंगावरची ओल वाळली की ती आपली आपण उठते." हौसानं विचारलं, "चुकलं तर?" "चुकलं तर पुन्हा पाट मांडावा." "उद्यापन कधी करावं?" "दूध उतू जायचं थांबेल तेव्हा," म्हातारी म्हणाली. मग हौसानं पाहिलं तो काठावर कुणीच नाही. नुसते ओले पाय उमटलेले.

हौसा घरी आली. दारातच शेळीनं तिच्या पाटीत तोंड घातलं, पाटी उपडी झाली, आणलेली माती सांडली. हौसाच्या तोंडावर "करंटे" आलं होतं. तिनं ते तिथंच थोपवलं. आत जाऊन पाट आणला, ओसरीवर मांडला. आधी तिला लाज वाटली. म्हादू बघत होता, तानी बघत होती. हौसा पाटाला म्हणाली, "राग आलाय मला. ये बाई रागा, बस." गुळाचा खडा मोडला. छातीवर हात ठेवला. "दमलीस गं हौसा," म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. म्हादूनं सांडलेली माती भरली आणि उरलेला गूळ आपण खाल्ला. त्याचाही जीव काय कमी दमला होता?

मग हौसानं पुन्हा सुगडं घडवली. या खेपेला चुलीपाशी नेली नाहीत. सावलीत मांडली, वरून फडकं घातलं, रोज एकेक उचलून तळाला गाल लावून बघे. गार लागलं की म्हणे, "ओल आहे अजून." परत ठेवून देई. बायका आल्या. "झाली का गं?" हौसा म्हणाली, "नाही झाली. वेळ लागतोय, आणि मलाही भीती वाटतेय बायांनो, पण घाई करणार नाही." बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. गजराबाई नाक उडवून गेली. हौसाला वाईट वाटलं. तिनं त्यालाही पाट मांडला. कधी विसरे, आपल्यालाच शिव्या घाली, मग आठवे. मग पुन्हा पाट. ओसरीवर तो पाट असा पडूनच राहू लागला, उचलायला सवड कुठली? एक दिवस बघते तो त्या पाटाशेजारी तानीचा भातुकलीचा चिमुकला पाट मांडलेला. हौसानं विचारलं नाही. त्याच्यापुढंही गुळाचा एक कण ठेवला.

मग सुगडं तळापर्यंत वाळली. गालाला कोमट लागली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी म्हादूनं आवा लावला, पेटवला, निववला. नगरातल्या बायका जमल्या, गजराबाईसुद्धा आली. आवा उघडला. सुगडं कशी? तांबूस, अख्खी, टिचकी मारली की खणखणीत. बायकांनी वाहवा केली. तानीनं पुढं होऊन सगळ्यांत देखणं सुगड उचललं. दोन्ही हातांत धरलं, आईकडं निघाली, ठेच लागली, आणि सुगड फुटलं.

तानीनं ओठ दाताखाली धरला. हौसाच्या पोटात राग उठला, हो उठला, वसा घेतला म्हणून राग काय गाव सोडून जातो? तिनं तो गिळला नाही, लेकीवर ओकलाही नाही. सगळ्यांदेखत पाट ओढला आणि म्हणाली, "मला राग आलाय. माझं सगळ्यांत छान सुगड होतं ते. बस बाई रागा." मग तानीचा चिमुकला पाट आणला, आपल्या पाटाला लावून मांडला, आणि म्हणाली, "तुझं कोण आलंय गं तानू?"

तानीचा ओठ सुटला, थरथरला. आणि पोरीनं असा टाहो फोडला की कोंबड्या छपरावर गेल्या. "आई! माझ्या हातनं फुटलं! माझ्या हातनं फुटलं गं आई!" गजराबाई पुढं झाली, "उगी उगी, रडू नये, शहाणी ना तू?" हौसा म्हणाली, "रडू द्या गजराबाई. ओल आहे, वाळू द्या." तिनं लेकीला मांडीवर घेतलं. तानी रडली, मुसमुसली, उचक्या दिल्या, आणि रडता रडता मागच्या सगळ्या दिवसांचं बोलून टाकलं: शेळीचं, कोंबड्यांचं, पायात घुसलेल्या खापराचं, "मला तेव्हा फार दुखलं होतं" हे सुद्धा. हौसा "हो गं, हो गं" म्हणत राहिली. तिला आयुष्यात इतका गोड कलकलाट ऐकू आला नव्हता.

मग बायका सुगडं घेऊन गेल्या. जाताना गजराबाई अंमळ रेंगाळली. इकडं-तिकडं बघून म्हणाली, "तुझ्याकडं एखादा जुना पाट आहे का गं?" हौसानं दिला. आणि ओसरीवर बघते तो आपल्या पाटावर पाण्याचा ओला ठसा, कुणी भिजलेली बाई बसून उठून गेल्यासारखा. हौसानं हात जोडले. तो ठसा पुसला नाही, आपला आपण वाळू दिला.

जशी ओलाई हौसाला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. मडकी फुटली तर फुटोत, लेकी बोलत्या राहोत, आणि शेजारणीला देतो तो गुळाचा खडा आपल्याही तोंडात पडो. साठा उत्तरांनी निघालेली ही कहाणी एका पाटावर येऊन बसली, गूळपाणी प्याली, सुफळ संपूर्ण झाली. वाहा अक्षता. आणि तो गूळ इकडं द्या, बोलून बोलून माझा घसा सुकलाय.