कोमट कुंडातली तुळसा

डोंगराच्या कुशीत, बुरुडांच्या छोट्याशा वस्तीत तुळसा राहत होती. आई बांबूच्या टोपल्या विणायची, तरी घरात भाकरी जेमतेमच व्हायची. तुळसाचे पाय कमळाच्या देठांसारखे नाजूक होते. जन्मापासून ते अंगाचा भार पेलत नसत. धाकटी बहीण बिजू मात्र पाडसासारखी उड्या मारायची. ती पिवळ्या फुलपाखरांमागे धावली, की तुळसा मनातून जळायची. बिजूच्या टाचांवरची लाल धूळसुद्धा तिला बघवत नसे.

रानात कोमट पाण्याचं एक निळंशार कुंड होतं. वस्तीत औषधपाणी करणाऱ्या वैदूआजींच्या सांगण्यावरून आई रोज तुळसाला पाठुंगळी घेऊन तिथे न्यायची. पाण्यात तिचं अंग पिसासारखं हलकं व्हायचं. आई कमरेखाली हात धरायची आणि तिचा गुडघा अलगद वाकवायची, अलगद सरळ करायची; मग तुळसा स्वतःच तसं करून पाहायची. बिजू काठावर एकटीच खडे फेकत बसायची.

एके सकाळी आईने तुळसाला पाण्यातल्या पायरीवर बसवलं आणि ती जवळच वेळू तोडू लागली. इतक्यात रुपेरी बुडबुडे वर आले. त्यांतून बोटाएवढी परी निघाली. तिचे पंख मोरपिशी होते, केसांत दवाचे चिमुकले मोती होते.

"न कंटाळता रोज पाय हलवतेस, म्हणून एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण तुला जे देईन, ते दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यावं लागेल. ते नाव तूच सांगायचं."

नाव तुळसाच्या ओठांवर तयारच होतं. तिने काठाकडे पाहिलं, तर बिजू मुसमुसत होती. तुला रडायला काय झालं, असं तुळसाने जरा रागानेच विचारलं.

"आई तुला रोज पाठीवर घेते, तुझे पाय कुरवाळते," बिजू म्हणाली. "मला कधी जवळ घेत नाही. माझेही पाय तुझ्यासारखे असते तर बरं झालं असतं, ताई."

आपलाही कुणी हेवा करत असेल, हे तुळसाच्या मनातही आलं नव्हतं. पाय तर तिला अजून हवेच होते. तरी ती परीकडे वळली.

"बिजूला आईची मांडी मिळू दे," ती परीला म्हणाली. "माझ्या वाटची घे."

आईने कोयता खाली ठेवला आणि बिजूला मांडीवर ओढून घेतलं. ते पाहून तुळसाचे डोळे भरून आले. त्या नादात ती पायरीवरून घसरली. धरायला कुणीच नव्हतं. पण पाण्याने तिला झेललं. टाच वाळूला लागली. तिने एक पाऊल टाकलं, मग दुसरं.

परी हसली. "जी आपल्या वाटचं देते, तिला मी कुणाचं काही न घेता देते. या पाण्यात तुझे पाय तुझं ऐकतील." कुंडभर सोनेरी उजेड पसरला आणि परी त्यात विरून गेली.

पाण्याबाहेर तुळसाला आई अजून उचलूनच न्यायची. पण कुंडात ती चालायची. हळूहळू आसपासच्या वाड्यांतली न चालणारी मुलंही तिथे येऊ लागली. तुळसा त्यांचे हात धरून त्यांना पाण्यात चालवायची. एखादं मूल तिच्याआधी काठावर उभं राहू लागलं, की ती मनातून पुन्हा थोडी जळायची. पण हात ती सोडत नसे.