मांडवभर खरखर

वाद्यं एकमेकांशी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. यशोधन लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. पैसे बेताचे, त्यामुळे जुनं दिल्याशिवाय त्याला नवं काही घेता येत नसे.

त्याची इलेक्ट्रिक गिटार आपल्या जुन्या, लहानशा अ‍ॅम्प्लिफायरवर सारखी डाफरायची. "तुझ्यामुळे माझा आवाज दबतो!"

"दबतो तेच बरंय, बाई," तो म्हणायचा. "तुझी दांडी वाकलीय, तारा घासतात. ती खरखर मी बाहेर जाऊ देत नाही."

"स्वतःचा दोष माझ्या माथी मारतोस?"

यशोधनलाही दोष अ‍ॅम्प्लिफायरचाच वाटला. त्यानं तो दुकानात दिला आणि मोठा आणला. पहिल्याच लग्नात गिटारची खरखर मांडवभर घुमली. जेवणारी माणसं वळून बघू लागली.

"अरे, जरा सांभाळून घे ना," गिटार कळवळली.

"मला फक्त मोठं करता येतं," नवा म्हणाला.

आठवड्याभरात गिटारही त्याच दुकानात गेली. कोपऱ्यात तिला जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं ओळखीचं खोकं दिसलं.

"माझं चुकलं रे," ती म्हणाली.

खोक्यातून उत्तर आलं नाही. दुकानदारानं त्याच्या आतलं सगळं कधीच काढून विकलं होतं.